घसरणाऱ्या गाडीचं गणित

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या आवारात रात्री ज्या मोटारी उभ्या असतात, त्यांतल्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतर मध्यमवर्गाच्या छोट्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली ती गेलीच. पुढची चाकं ओढतात, मागची मुकाट्याने मागे येतात. हॅन्डब्रेक खेचला तर अशा गाडीचा मागचा भाग क्षणभर फिरतो, पण फिरलेली गाडी तशीच तिरपी धरून अख्खं वळण काढता येत नाही, म्हणजेच ड्रिफ्टिंग करता येत नाही. त्यासाठी ताकद मागच्या चाकांना मिळावी लागते, आणि तीही इतकी की चाकं रस्त्यावरची पकड सोडून फिरत राहतील.

एके काळी मागच्या चाकांची गाडी आपल्या उपनगरातच बनत होती. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, मागे कमानपाटे आणि मागच्याच चाकांना ताकद. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यात बसल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, रस्त्याचं नाव तेवढं प्रीमियर रोड राहिलं आहे. जपानमध्ये ज्या गाडीने ड्रिफ्टिंगला घराघरांत नेलं, ती टोयोटाची एई८६ आपल्या पद्मिनीपेक्षा वजनाला फारशी जड नव्हती. फरक होता इंजिनाचा : १५८७ सीसी आणि १३० अश्वशक्ती. कोरड्या डांबरावर मागची चाकं सोडवायला पद्मिनीची ताकद अपुरी होती. पहिल्या पावसात मात्र, डांबरावर साचलेलं तेल पाण्यासोबत वर येतं तेव्हा, तिचा मागचा भाग सुटायला वेळ लागत नसे.

आज उपनगरात वाढणाऱ्या मुलाला ड्रिफ्टिंगची ओढ लागली, तर त्याच्यापाशी तशी हलकी गाडी नाही, रिकामा डांबरी पट्टा नाही आणि एका दुपारी टायरची जोडी जाळायची ऐपतही नाही. त्याच्यापाशी स्क्रीन आहे. हे पुस्तक त्या स्क्रीनवरच्या गाडीबद्दल आहे, आणि त्यातही ती चालवण्यापेक्षा जुळवण्याबद्दल, म्हणजे ट्युनिंगबद्दल. खेळणारे बहुतेक जण ट्युनिंगचा मेनू कंटाळवाणी पायरी म्हणून उरकतात. माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. यंत्र आपल्याला काय सांगतंय ते ऐकायला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम पाहायला शिकवणारी इतकी स्वस्त, इतकी निर्धोक जागा मला या शहरात दुसरी माहीत नाही.

ड्रिफ्टिंग जपानमध्ये जन्मलं. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी शर्यतीच्या ट्रॅकवर वळणं तिरपी काढत असत. त्यांच्याकडे पाहून केइची त्सुचिया यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर ती रीत घोटवली आणि १९८७ मध्ये 'प्लस्पी' या व्हिडिओतून ती सगळ्यांपुढे आली. १९९५ पासून शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा येऊ लागली. तिच्यातला टोफू पोचवणारा मुलगा एई८६ घेऊन रात्री घाट उतरतो, आणि त्या एका पात्राने जगभरच्या किती मुलांना स्टिअरिंगपाशी आणून बसवलं याची गणती नाही. २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' या चित्रपटाने उरलेलं काम केलं. बोरघाट आणि माळशेज ओळखणाऱ्या मराठी वाचकाला ते रस्ते परके वाटणार नाहीत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे एकामागून एक वळणं.

इथे हे सगळं आलं ते सायबर कॅफेच्या दारातून. २००३ मध्ये 'नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड' आला. त्यात ड्रिफ्टचा वेगळा प्रकार होता आणि तो निवडला की खेळ स्वतःच गाडीला घसरू देत असे. वळण जितकं तिरपं आणि लांब, तितके गुण. भिंतीला लागलात की जमा झालेले गुण गेले. गाडीच्या आत काय चाललं आहे हे कळायची गरजच नव्हती. पुढच्याच वर्षी 'अंडरग्राउंड २' मध्ये डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, आला. इंजिन, टर्बो, सस्पेन्शन, गिअर यांच्या पट्ट्या डावी-उजवीकडे सरकवून गाडी बदलता येऊ लागली. तासाचे पैसे मोजून बसलेल्या पोराला त्या पट्ट्यांसाठी वेळ कुठला असणार? त्यातून जुळवलेली गाडी कॅफेच्या मशीनवर राहायची आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती मोडून ठेवलेली असायची. त्या काळात उपनगरात ड्रिफ्टिंग करणारे खूप झाले, ट्युनिंग करणारे फार थोडे. माझ्या पाहण्यात हे चित्र बदललं ते संगणक घरी आल्यावर, म्हणजे स्वतःचा सेव्ह स्वतःपाशी राहू लागल्यावर.

नंतरचा प्रवास भराभर झाला. २०१४ च्या डिसेंबरात इटलीतल्या कुनोस सिमुलाझिओनी या कंपनीने 'असेटो कोर्सा'ची पूर्ण आवृत्ती काढली, आणि हौशी लोकांनी त्यात जपानी ड्रिफ्ट गाड्या आणि ट्रॅक इतके ओतले की मूळ खेळ कुठला हे विसरायला व्हावं. २०१६ मध्ये जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि 'कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग' बोरिवली लोकलमध्ये खिडकीपाशी बसलेल्या मुलाच्या तळहातावर आला. २०२१ च्या नोव्हेंबरात 'फोर्झा होरायझन ५' आला. या पुस्तकातले बहुतेक आकडे त्या खेळाच्या मेनूला धरून आहेत, कारण त्याच्यातली ट्युनिंगची रचना सगळ्यांत सुटसुटीत आहे. तत्त्व मात्र सगळीकडे एकच.

ते तत्त्व टायरमध्ये आहे. गाडी वळते तेव्हा टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि त्याचा प्रत्यक्ष प्रवास किंचित दुसऱ्या दिशेला होत असतो. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढतो तशी आडवी पकड वाढते, साधारण पाच ते दहा अंशांच्या टप्प्यात ती शिगेला पोचते आणि तिथून पुढे उतरू लागते. शर्यतीचा ड्रायव्हर त्या शिखरापाशी राहायची धडपड करतो. ड्रिफ्ट करणारा मागच्या टायरांना शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर नेतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हा चढ-उतार एका सूत्रात बसवला. मोटार कंपन्यांपासून सिम्युलेटरपर्यंत सगळ्यांनी ते सूत्र किंवा त्याची भावंडं वापरली. 'असेटो कोर्सा'मध्ये सेकंदाला ३३३ वेळा हा हिशेब होतो. तुम्ही थ्रॉटलवरचं बोट जरा सैल केलंत की गाडी सरळ होते किंवा गरकन फिरते, ती या उतारामुळे. शिखराच्या अलीकडे चूक झाली तर टायर तुम्हाला सांभाळून घेतो. पलीकडे तो सांभाळत नाही, तुम्हालाच त्याला सांभाळावं लागतं.

आता ट्युनिंग. सगळ्या पट्ट्यांमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती कॅस्टर, आणि नवशिके नेमकं तिच्याकडेच बघत नाहीत. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे झुकलेला असतो. मोटारीचं पुढचं चाकही तसंच एका झुकलेल्या अक्षाभोवती वळतं, आणि त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. घरच्या गाडीत तो थोडे अंश असतो. फोर्झामध्ये सात अंशांपर्यंत नेता येतो आणि ड्रिफ्टसाठी न्यावाच. कॅस्टर वाढला की पुढच्या चाकांना प्रवासाच्या दिशेला वळायची ओढ लागते. गाडी तिरपी होते, तिचं नाक वळणाच्या आत जातं, पण ती सरकत असते बाहेरच्या दिशेने. अशा वेळी चाकं आपणहून त्या दिशेला वळतात, म्हणजे ड्रायव्हरच्या दृष्टीने स्टिअरिंग आपोआप उलटं फिरतं. नवा माणूस स्टिअरिंग घट्ट धरून त्याच्याशी झगडतो आणि उशिरा पोचतो. जाणता माणूस हात सैल सोडतो, स्टिअरिंगला हातातून फिरू देतो आणि नेमक्या ठिकाणी पकडतो. जी२९ सारखं ९०० अंश फिरणारं, परतीचा धक्का देणारं स्टिअरिंग टेबलाला लावून हे एकदा हाताने अनुभवावं. कॅस्टर चार अंशांवर ठेवून एक फेरी, सात अंशांवर ठेवून दुसरी. दुसऱ्या फेरीत स्टिअरिंग तळव्यातून सणकन जातं आणि ते कुठे थांबणार हे आधी कळायला लागतं.

कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचं, कोडंही इथेच सुटतं. ड्रिफ्ट गाडीची पुढची चाकं वरच्या बाजूने आत कललेली दिसतात, कधी कधी तर मोडल्यासारखी. फोर्झामध्ये लोक डोळे मिटून पुढे उणे पाच अंश भरतात. का, ते फारसं कुणी सांगत नाही. उजवं वळण घ्या. गाडी उजवीकडे वळते आहे, भार डाव्या पुढच्या चाकावर आला आहे, आणि ड्रिफ्ट सावरण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे आहे. कॅस्टर असलेलं चाक वळतं तेव्हा कलतंही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डावं चाक वरून बाहेरच्या बाजूला कलतं. म्हणजे ज्या चाकावर सगळा भार, तेच बाहेरच्या कडेवर उभं राहू पाहतं. त्याला आधीच आत कलवून ठेवलं, तर ऐन वळणात ते रस्त्यावर सपाट बसतं. उणे पाचचा आकडा कॅस्टरची भरपाई करतो. कॅस्टर कमी केलात तर कॅम्बरही कमी करावा लागेल. मागच्या चाकांना हा प्रश्न नाही, ती वळत नाहीत. त्यांचा कॅम्बर शून्याच्या जवळ ठेवावा म्हणजे पूर्ण रुंदीचा टायर रस्त्याला लागतो आणि गाडी घसरतानाही पुढे रेटली जाते.

डिफरन्शियल ही तिसरी मोठी गोष्ट. रस्त्यावरच्या गाडीत वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. तसं फिरू देण्यासाठीच डिफरन्शियल असतं. पण त्याचा दोष असा की आतल्या चाकावरचा भार उडाला की ताकद तिकडे वाया जाते, ते एकटंच गरगर फिरतं आणि बाहेरचं चाक थंड राहतं. ड्रिफ्ट करणाऱ्याला दोन्ही मागची चाकं एकाच क्षणी सुटायला हवी असतात. जपानमध्ये गरीब हौशी पोरं डिफरन्शियलचे दातेच वेल्डिंग करून टाकत. खेळात डिफरन्शियलच्या ॲक्सेलरेशनची पट्टी शंभर टक्क्यांवर नेली की तेच होतं. पवईच्या हिरानंदानीत 'हाकोने' नावाचा गो-कार्टिंगचा ट्रॅक होता. ज्यांनी लहानपणी तिथे कार्ट चालवली, त्यांना हे अंगाने माहीत आहे. कार्टला डिफरन्शियल नसतंच, मागचा एकसंध दांडा दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. सावकाश वळताना ती म्हणूनच अडते, आणि जोरात घेतली की मागून सहज सुटते.

गिअर आणि ताकद यांवर पुस्तकात वेगळी प्रकरणं आहेत, तेव्हा इथे थोडक्यात सांगतो. ड्रिफ्टचं वळण शक्यतो एकाच गिअरमध्ये निघालं पाहिजे, बहुधा तिसऱ्या. सगळे गिअर एकत्र बदलणारी फायनल ड्राइव्हची पट्टी सरकवून त्या ट्रॅकच्या वेगाला तिसरा गिअर इंजिनाच्या जोमदार पट्ट्यात आणायचा. आणि कृपा करून पहिल्याच दिवशी हजार अश्वशक्तीचं इंजिन बसवू नका. तेवढी ताकद टायर एवढ्या झटक्यात सोडवते की चूक कुठे झाली हे कळायच्या आत गाडी उलटं तोंड करून उभी असते. तीनशे-साडेतीनशे अश्वशक्तीत माणूस शिकतो.

हे सगळं एका संध्याकाळी कसं करायचं? निसान सिल्व्हिया एस१५ घ्या. मोकळ्या डांबरावर एक खूण धरा, एखादा दिवा किंवा खांब. त्याच्याभोवती गोल ड्रिफ्ट करा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. शेजारी वही उघडी ठेवा. डिफरन्शियल पन्नास टक्क्यांवर असताना गोल मोठा होत जातो का, मधेच एक चाक एकटं फिरल्याचा आवाज येतो का, हे लिहा. मग फक्त डिफरन्शियल शंभरावर न्या, बाकी कशालाही हात लावू नका, आणि तोच गोल पुन्हा काढा. गाडी आता एका झटक्यात सुटते, पण सुटल्यावर स्थिर राहते. थ्रॉटल सोडला की नाक आत खेचतं का? तसं असेल तर मंदावतानाची पट्टी, म्हणजे डिसेलरेशन, थोडी हलवा आणि पुन्हा फिरा. मग मागच्या टायरमधली हवा वाढवा. मग गाडीचं कलणं रोखणारे अँटी-रोल बार. एका वेळी दोन पट्ट्या हलवल्यात तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या गाडीत सगळं पहिल्यापासून करावं लागेल. घाई करणाऱ्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. वहीची पाच-सहा पानं भरली की त्याचं मत बदलतं.

इथे मला शेअर कोडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. फोर्झामध्ये कुणीही आपली जुळणी नऊ आकडी कोडने सगळ्यांना देऊ शकतो. कोड टाकला की दुसऱ्याने महिनाभर घासूनपुसून केलेली गाडी तुमच्या गॅरेजात येते, आणि ड्रिफ्ट झोनमध्ये तीन तारे मिळून जातात. वर त्या जुळणीला कुलूप असतं. आतले आकडे दिसत नाहीत. पोरं कोड गोळा करतात आणि एकमेकांना देतात. मला हे पटत नाही. दुसऱ्याची गाडी त्याच्या हाताला जुळवलेली असते. तो थ्रॉटल कसा देतो, कंट्रोलरवर खेळतो की स्टिअरिंगवर, वळणात लवकर शिरतो की उशिरा, हे सगळं त्या आकड्यांत भिनलेलं असतं. ती गाडी तुमच्या हाती नीट चालली नाही तर तुम्हाला काय बदलायचं ते माहीत नसतं, आणि छान चालली तरी तुम्ही काहीच शिकलेले नसता. म्हणून या पुस्तकात एकही कोड दिलेला नाही. सुरुवातीचे आकडे दिले आहेत, आणि प्रत्येक आकडा वर-खाली केल्यावर काय होईल ते दिलं आहे.

हा अभ्यास स्क्रीनपुरता राहत नाही, हे मला पुन्हा पुन्हा दिसतं. पावसाळा संपला की उपनगरातल्या प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, गाडी डावीकडे ओढतेय, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून आण. खड्ड्यांत आदळून पुढच्या चाकांचा टो, म्हणजे त्यांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असतो. एलबीएस मार्गावरच्या टायरच्या दुकानात गाडी रॅम्पवर चढते, चाकांना आरसे लागतात आणि शेवटी एक छापील कागद हातात येतो. त्यावर कॅम्बर, कॅस्टर, टो, डावं-उजवं, आधीचं आणि नंतरचं. हिरवे आकडे आणि लाल आकडे. तो कागद घडी घालून कप्प्यात जातो, कुणी वाचत नाही. ट्युनिंग केलेला मुलगा वाचतो. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर हा नुसत्या टोने जाणार नाही, सस्पेन्शनचा खालचा एखादा आर्म वाकला असेल का, असा प्रश्न तो दुकानदाराला विचारू शकतो. मेकॅनिकच्या चेहऱ्यावर त्या प्रश्नाने जो आदर येतो तो मी पाहिला आहे.

याच आकड्यांवर आपल्याच भागातली मुलं खऱ्या गाड्या बांधतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाची 'ओरायन रेसिंग इंडिया', पवईची 'आयआयटी बॉम्बे रेसिंग', विलेपार्ल्याच्या संघवी महाविद्यालयाची 'डीजेएस रेसिंग' हे विद्यार्थ्यांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी एक माणूस बसेल एवढी शर्यतीची गाडी स्वतः आखतात आणि घडवतात. त्यांच्या कार्यशाळेत कॅम्बर आणि ॲकरमन हे रोजचे शब्द आहेत. ॲकरमन म्हणजे आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणारी रचना. तिचं पेटंट १८१८ चं, आणि ते घोडागाडीसाठी होतं. ड्रिफ्टवाले तीच रचना जवळजवळ रद्द करतात, कारण त्यांना उलट्या वळवलेल्या स्थितीत दोन्ही चाकं समांतर हवी असतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या घोडागाडीचा प्रश्न आज मुलुंडच्या दोन खोल्यांत एखादी अकरावीतली मुलगी स्क्रीनवर उलटा सोडवत असते, हे मला विलक्षण वाटतं. जगात पुढची मजलही कुणी मारली आहे. ब्रिटनचा यान मार्डनबरो 'ग्रान टुरिस्मो' खेळता खेळता २०११ ची जीटी अकॅडमी जिंकून खऱ्या शर्यतींत उतरला. अशी उदाहरणं मोजकीच, आणि त्या आशेवर कुणी हे पुस्तक वाचू नये.

आणखी एक गोष्ट मी अगदी निक्षून सांगतो. यातलं काहीही रस्त्यावर करायचं नाही. आरेच्या वळणांवर, पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांची वृत्तं आपण सगळेच वाचतो, आणि त्यांत मरणारा पुष्कळदा पायी चालणारा किंवा कामावरून घरी निघालेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर वेगाची चाचणी केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला कलम ५२ आड येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. सीएसटी रोडच्या बाजारात हवे ते सुटे भाग मिळतात, म्हणून ते घरच्या गाडीला लावावेत असं नाही. अंधेरीची एमएच ०२ असो, बोरिवलीची एमएच ४७ असो, नंबर प्लेट असलेल्या गाडीवर या पुस्तकातला एकही आकडा वापरू नका.

सामानाबद्दल पालक विचारतात. स्टिअरिंग आवश्यक नाही. साध्या कंट्रोलरवर, अगदी फोनवरसुद्धा, ट्युनिंगचा नव्वद टक्के अभ्यास होतो. स्टिअरिंग घेतलंच तर ते जड टेबलाला घट्ट आवळा, आणि टेबलाच्या पायांखाली रबरी चटई घाला. परतीच्या धक्क्याची धडधड खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू जाते, आणि रात्री अकरानंतरच्या ड्रिफ्टवरून सोसायटीच्या सभेत विषय निघतो.

ट्रॅकच्या प्रकरणात जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या एबिसु सर्किटला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या भूकंपात दरड कोसळून तिथला एक ड्रिफ्ट ट्रॅक गाडला गेला. स्क्रीनवर मात्र एबिसु हाताशी आहे : हौशी लोकांनी 'असेटो कोर्सा'साठी त्याचे ट्रॅक बनवलेले आहेत, आणि गाडी जुळवून झाली की ती तिथेच तपासावी असं मी सुचवतो; भिंती जवळ आहेत, चढउतार आहे, आणि वेग आपोआप आटोक्यात राहतो.

पुस्तकाचा क्रम मेनूच्या क्रमाने लावलेला नाही. आधी टायर, मग डिफरन्शियल, मग कॅस्टर-कॅम्बर, मग गिअर. स्प्रिंगा आणि शॉकअप त्यानंतर, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. पहिल्या प्रकरणासाठी मूळ रूपातली एई८६ घ्या, एकही भाग न बदलता. खेळात पाऊस लावता येत असेल तर तो लावा. १३० अश्वशक्ती ओल्या डांबरावर पुरून उरते, आणि सगळं सावकाश घडत असल्यामुळे मागचा भाग सुटतो तो क्षण ओळखता येतो. वही घ्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या गोलांसाठी दोन रकाने आखा. दोन्ही बाजूंनी गोल न तुटता निघू लागला की टायरमधली हवा बदलायला घ्या.